बग्गीचा सायलेन्सर बनवून घेतला, उद्यमनगरातल्या बोर्ड नसलेल्या गाळ्यात

आमच्या घरी बांधलेल्या बग्गीच्या, म्हणजे माळावर पळवायच्या उघड्या गाडीच्या, सायलेन्सरला तिसऱ्यांदा त्याच जागी तडा गेला तेव्हा ठरवलं की आता नुसतं वेल्डिंग मारून घ्यायचं नाही, आधी हे तुटतंय कशानं ते कळलं पाहिजे. त्या शोधात जो गाळा सापडला आणि तिथं जे काम झालं त्याचा हा रिव्ह्यू. लांब झालाय, पण ज्यांच्या घरी बग्गी नाहीतर जुनी जीप आहे आणि सायलेन्सर सारखा तुटतोय त्यांनी पूर्ण वाचा.

आधी गाडीबद्दल. मी आणि माझा मावसभाऊ, दोघांनी दीड वर्ष रविवार रविवार करून बग्गी बांधली. भंगारात निघालेल्या मारुती ८०० चं इंजिन आणि गिअरबॉक्स जसाच्या तसा उचलून मागं बसवला, म्हणजे मूळची पुढून ओढणारी गाडी आता मागून ढकलते. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कार्बोरेटरवाली, ३५-४० हॉर्सपॉवर. आकडा लहान वाटतो पण हलक्या पाईपच्या चेसीवर ही ताकद भरपूर होते. रस्त्यावर आम्ही ती काढत नाही, पासिंग नाही, त्यामुळं टेम्पोत घालून गगनबावड्याच्या बाजूला मामांचा स्वतःचा माळ आहे तिथं नेतो. चढ, दगड, नांगरटीसारखी ढेकळं, पावसाळ्याच्या तोंडाला चिखल, सगळं तिथंच मिळतं.

पहिला सायलेन्सर शहरातच एका ठिकाणी करून घेतला होता. नाव घेणार नाही. साधा एमएसचा, म्हणजे माइल्ड स्टीलचा पाईप, इंजिनातला धूर गोळा करणाऱ्या मूळच्या बिडाच्या मेनिफोल्डला फ्लँज (बोल्टनं आवळायची जाड पट्टी) लावून खाली वळवलेला, मागं बाजारातला तयार ड्रम, आणि तो ड्रम चेसीच्या आडव्या पाईपला दोन यू क्लॅम्पनी करकचून आवळलेला. बघताना एकदम मजबूत, हातानं हलवला तर हलायचा नाही, आणि आम्हालाही तेव्हा तेच बरं वाटलं होतं. चौथ्या तासाला आवाज फाटला. खाली वाकून बघितलं तर फ्लँजच्या खाली केसाएवढी रेघ, वेल्डिंगच्या टाक्यात नाही, टाका जिथं संपतो तिथं पाईपावर, आणि रेघेच्या दोन्ही अंगाला काजळीचा पंखा उमटलेला. ॲक्सिलरेटर सोडला की फाट फाट फाट, कारण तड्यातनं बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाईपातच पेटतं. परत त्याच्याकडं नेलं, त्यानं वरून जाड टाका मारून दिला, आठवड्यानं त्या जाड टाक्याच्या शेजारी तडा. मग त्यानं पत्र्याचं ठिगळ लावलं, तेव्हा ठिगळाच्या कडेला तडा. दर वेळेला पैसे गेले, दर वेळेला एक रविवार गेला, आणि दर वेळेला ऐकून घ्यावं लागलं की तुम्ही गाडी फार आदळता.

गाळा सापडला तो दुधाच्या धंद्यातल्या मित्रामुळं. त्याच्या डेअरीत स्टीलच्या दुधाच्या लाईनी आहेत, तो म्हणाला की आमची लाईन ज्या मिस्त्रींनी केली त्यांना एकदा दाखव, स्टीलचा पाईप जोडावा तर त्यांनीच. मला पटलं नाही, दूध कुठं आणि सायलेन्सर कुठं, पण गेलो.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी सांगतो, शिवाजी उद्यमनगर म्हणजे शहराच्या पोटातच असलेली कारखान्यांची पेठ. ऑइल इंजिनांच्या जमान्यापासून इथं लेथ फिरतायत. मोठी कामं आता शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीत गेली, तरी एखादा पार्ट टर्न करायचा, फेस मारायचा, ग्राइंड करायचा तर उद्यमनगरात चालत फिरून सगळं होतं. ज्या गाळ्याबद्दल लिहितोय त्याला बोर्ड नाही. साठीचे मिस्त्री, त्यांचा मुलगा आणि एक पोरगा, एवढीच माणसं. काम मुख्य करून डेअरीचं, साखर कारखान्यांचं, गुऱ्हाळाच्या काहिलींचं. बाहेर स्टीलच्या बेंडांची पोती आणि मागं दोन आर्गन वेल्डिंगची मशिनं. इंजिनिअरिंग कॉलेजची मुलंही बाहा स्पर्धेच्या, म्हणजे स्वतः बनवलेल्या बग्ग्यांच्या स्पर्धेच्या, बग्ग्या घेऊन येतात म्हणे तिथं, त्या बग्ग्यांना १० हॉर्सपॉवरचं ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनचं एक सिलिंडरवालं इंजिन असायचं, त्यातला एक तुटका सायलेन्सर भिंतीला टांगलेला मी बघितला.

मिस्त्रींनी आमचा पाईप हातात घेतला नाही की वेल्डिंगकडं बघितलं नाही. म्हणाले, "क्लॅम्प सोडा आधी." क्लॅम्प सोडले, ड्रम तारेनं सैल टांगला. मग त्यांनी खडू घेतला, चेसीच्या पाईपावर एक रेघ आणि तिच्या समोर बरोबर ड्रमवर दुसरी रेघ ओढली, आणि मला म्हणाले, गाडी चालू करा, पहिला गिअर टाका, ब्रेक दाबून धरा आणि क्लच हळूहळू सोडत ॲक्सिलरेटर द्या. मावसभावानं मोबाईलवर स्लो मोशनमध्ये ते शूट केलं. दोन रेघा एकमेकींपासून १४ मिलीमीटर लांब गेल्या. नुसता जागेवर रेस दिला तरी पाच-सहा मिलीमीटर हलत होत्या. रबरी माउंटवर बसलेलं इंजिन एवढं डुलतं हे आम्हाला माहीत होतं असं म्हणता येईल, पण डोळ्यानं असं कधी बघितलं नव्हतं. मिस्त्री एवढंच बोलले, "वेल्डिंग काय करील वो त्याला? इंजिन नाचतंय आणि तुम्ही त्याचं शेपूट खांबाला बांधलंय."

सगळा रिव्ह्यू या एका गोष्टीसाठी लिहितोय. सायलेन्सर बनवणारे पुष्कळ आहेत, चांगला टाका मारणारेही आहेत, पण सायलेन्सर धरायचा कुठं याचा विचार करणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला. पाईप किती इंची, आवाज कसा, टीप कसली, याच्यावर आपण तास तास बोलतो आणि ब्रॅकेटचा विषय शेवटी पाच मिनिटात उरकतो, आणि तुटतं ते तिथंच.

त्यांनी दोन रस्ते सांगितले. एक, ड्रम चेसीलाच ठेवायचा, पण इंजिनाजवळ मध्ये फ्लेक्सिबल बेलो, म्हणजे जाळीचा लवचिक तुकडा, घालायचा आणि ड्रम रबरांवर टांगायचा. पुढं इंजिन असलेल्या गाड्यांत असंच असतं, कारण ड्रम पार मागच्या चाकाजवळ, तो इंजिनाला टांगणार कसा. पण बेलोचे पण नखरे आहेत. वाकलेलं तो सोसतो, पिळलेलं सोसत नाही, आणि ड्रमचं वजन त्याच्यावर आलं तर जाळी सुटून चार दिवसात फाटतो. दुसरा रस्ता, इंजिन मागंच आहे, सगळा पाईप मिळून मीटरभराचाही होत नाही, तर अख्खा सायलेन्सर इंजिन आणि गिअरबॉक्सलाच धरायचा आणि चेसीला त्याचा एकही बोल्ट लावायचा नाही. इंजिन डुललं तर सायलेन्सर त्याच्याबरोबर डुलेल, आपसात ओढाताण नाही. आम्ही दुसरा निवडला आणि माझ्या मते मागं इंजिन असलेल्या कुठल्याही बग्गीला हाच बरोबर.

मग प्रश्न तापण्याचा. स्टील तापलं की लांब होतं हे शाळेत शिकलोय, पण किती ते कोणी मोजत नाही. एसएस ३०४ चा, म्हणजे डेअरीतल्या स्टेनलेस स्टीलचा, १ मीटर पाईप ५०० डिग्रीनं तापला तर साडेआठ-नऊ मिलीमीटर वाढतो. साधा एमएस साधारण सहा-सात वाढतो. म्हणजे लोक म्हणतात स्टेनलेस लावला की संपलं, तर उलटं आहे, ३०४ जास्त वाढतो म्हणून त्याला आधार देताना जास्त डोकं लावावं लागतं. मोटार कंपन्या बऱ्याचदा ४०९ ग्रेड वापरतात, तो कमी वाढतो, पण मला तो इथं फुटावर कुठं मिळाला नाही आणि ३०४ चे बेंड मात्र डेअरीमुळं पोत्यानं पडलेले. "पाईप तापला की वाढणार, त्याला वाढायला जागा द्या, न्हाईतर तो आपली जागा आपणच करून घेतोय," हे मिस्त्रींचं वाक्य मी गॅरेजच्या भिंतीवर लिहून ठेवलंय.

आता प्रत्यक्ष काम. मूळचा बिडाचा मेनिफोल्ड काढून तीन पाईप एकात येणारा बेंड पाईप करायचा ठरला. तीन पाईप सव्वा इंची, म्हणजे ३१.८ मिलीमीटर बाहेरून आणि १.६ जाडीचे, आतून साडेअठ्ठावीस राहतात. एवढ्या लहान सिलिंडरला, एका सिलिंडरचे २६५ सीसी, साडेपाच हजार आरपीएमच्या हिशोबानं हे माप बरोबर बसतं. मी दीड इंचाचा हट्ट धरला होता, जाड पाईप म्हणजे जास्त पॉवर असं डोक्यात होतं, पण मोठ्या पाईपात गॅसचा वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला ओढ जाते, आणि आमचं सगळं काम तर खालच्या आरपीएमलाच, चढावर. तीन पाईप एकत्र आल्यावर पुढं दीड इंची.

इंजिन गाडीतच ठेवून माप घेतलं, पण वेल्डिंगसाठी भंगार बाजारातनं ८०० चं एक फुटकं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग जिथं हा फ्लँज बसतो, आणायला लावलं. १० मिलीमीटरचा फ्लँज शिरोलीला लेझरवर कापून आणला, तो त्या हेडला बोल्टनं आवळला आणि पाईपांची जुळणी त्याच्यावरच केली. आधी नुसते टाचे, म्हणजे तात्पुरते वेल्डिंगचे ठिपके, मग गाडीवर लावून बघितलं, एक पाईप एक्सलच्या रबरी बूटाच्या फार जवळ येत होता म्हणून परत कापला, मग परत टाचे. तीन पाईपांच्या लांबीत शेवटी दोन-अडीच सेंटिमीटरचा फरक राहिला, एवढ्या अडचणीच्या जागेत मला हे खूप चांगलं वाटलं.

आणि मग डेअरीचा धडा. वेल्डिंगच्या आधी मुलानं पाईपाची टोकं ॲल्युमिनियम फॉइल आणि टेपनं बंद केली, एका टोकाला बारीक नळी घालून आतनं आर्गन वायू सोडला आणि थोडा वेळ नुसता थांबला, आतली हवा निघून जाईपर्यंत. मी विचारलं की सायलेन्सरला हे कशाला, आत कोण बघतंय. मिस्त्री म्हणाले, "दुधाच्या लाईनीत टाका आतनं खरबरीत राहिला की दूध धरतंय, मग कितीबी धुवा, वास मारतोय. हाताला लागलेली सवय हाय." टाका गार झाल्यावर फॉइल काढून टॉर्च मारून दाखवला. आतून बारीक, सपाट, गव्हाच्या काडीसारख्या पिवळसर रंगाची गोल रेघ. शेजारी त्यांनी मुद्दाम आर्गन न सोडता एक तुकडा जोडून ठेवला होता, त्यात आतून काळी, साखर जळाल्यासारखी खडबडीत माती. तडा तिथनंच सुरू होतो, आणि बाहेरून दोन्ही टाके सारखेच दिसतात, हे बघून मला आधीच्या सगळ्या खर्चाचं वाईट वाटलं. फ्लँज एमएसचा आणि पाईप स्टीलचा, तिथं त्यांनी ३०९ एल ची फिलर वायर वापरली, स्टीलला स्टील जोडताना ३०८ एल. विचारल्याशिवाय सांगितलं नाही, पण वापरली.

सगळे टाके झाल्यावर लगेच हेडवरनं काढू दिलं नाही, पूर्ण गार होईपर्यंत रात्रभर तसाच आवळून ठेवला. तरी काढल्यावर फ्लँजवर पट्टी ठेवली तर मधे उजेड दिसत होता, अर्ध्या मिलीमीटरच्या आसपास वाकला होता. दोन गाळे सोडून सरफेस ग्राइंडर आहे, मुलगा तिथं जाऊन फेस मारून आला. पॅकिंग फुंकण्याचा त्रास ज्यांना होतो त्यांनी ही एक गोष्ट तपासा, बहुतेक वेळा पॅकिंग खराब नसतं, फ्लँज वाकलेला असतो. नट तांब्याचे वापरले म्हणजे स्टडवर जाम होत नाहीत.

ड्रम त्यांनी स्वतःच केला. बाहेरचं नळकांडं १०० मिलीमीटरचं, आत भोकांचा पाईप, त्याच्याभोवती आधी स्टीलचा कीस आणि मग सिरॅमिक वूल. मागचं झाकण वेल्ड न करता सहा ॲलन बोल्टनी बसवलंय, कारण वूल वर्ष दोन वर्षात जळून उडतं आणि ते बदलता आलं पाहिजे. शेपटाला आत ठिणग्या अडवायची जाळी आहे, ती आम्हीच सांगून घातली. डिसेंबरनंतर माळावरचं गवत कडकडीत वाळतं, एक ठिणगी म्हणजे अख्खा डोंगर, यात हयगय करू नका, आणि आग विझवायचा सिलिंडर गाडीवर असलाच पाहिजे. आवाज खर्जातला आहे, भसाडा नाही, मामा त्यांच्या घराच्या ओसरीवर बसून फोनवर बोलू शकतात. रस्त्यावरच्या गाड्यांना असलं काही करून घेऊ नका, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ गाडीत बदल करू देत नाही आणि सायलेन्सरचा नियम वेगळा आहेच. मिस्त्रीही बुलेटचे फटाके सायलेन्सर करून देत नाहीत, माझ्यासमोर दोन पोरांना परत पाठवलं.

आता ब्रॅकेट. पुढचं टोक फ्लँजला, ते पक्कं. मागचा ड्रम गिअरबॉक्सच्या बेल हाऊसिंगच्या, म्हणजे गिअरबॉक्स इंजिनाला जुळतो त्या घंटेसारख्या भागाच्या, दोन बोल्टांवर धरलेल्या ब्रॅकेटवर, पण थेट नाही, मध्ये रबरी बुश आणि ब्रॅकेटचं भोक गोल नाही तर लांबट, पाईपाच्या दिशेनं. म्हणजे तापून लांब झाला की मागं सरकतो, गार झाला की परत येतो. आणि कलेक्टर, म्हणजे तीन पाईप एकत्र येतात तो भाग, आणि ड्रमच्या मध्ये वेल्डिंगच नाही, एकात एक सरकणारा सांधा आणि बाजूला दोन स्प्रिंगा, टू-स्ट्रोक बाईकच्या सायलेन्सरला असतात तशा. मला आधी वाटलं की इथनं गॅस फुसफुसणार, पण सांधा दोन इंच आत जातो आणि पहिल्या दिवसानंतर काजळीनं आपोआप बंद झाला. स्प्रिंग तुटली तर हरवू नये म्हणून तिच्यातनं तारही घातलीय. गाडी तापवून मी खडूनं खूण केली होती, ड्रम सहा मिलीमीटर मागं सरकतो आणि गार झाल्यावर बरोबर खुणेवर येतो. हे मी चार-पाच वेळा केलं, बघायलाच बरं वाटतं.

दोन बारीक गोष्टी. बेंड पाईपाला टेप गुंडाळायचा माझा विचार होता, त्यांनी नको म्हटलं, खाली तडा गेला तर दिसत नाही आणि चिखलाचं पाणी त्यात मुरतं. एमएसच्या पाईपाला तर टेप म्हणजे गंजाला आमंत्रण. त्याऐवजी पत्र्याचं शील्ड, पाईपापासून बोटभर अंतर सोडून. आणि कार्बोरेटरची गाडी असली तरी ओ टू सेन्सरचं (धुरातला ऑक्सिजन मोजून मिक्स्चर कळतं त्याचं) बुश लावून घ्या, वरच्या अंगाला, खालच्या नको, तिथं पाणी साचतं. आम्ही मित्राचं मीटर लावून बघितलं तर मिक्स्चर पातळ झालं होतं, कार्बोरेटरमधला मेन जेट, म्हणजे पेट्रोलचं भोक, एक नंबर मोठा टाकला तेव्हा गाडी सुधारली. हे केलं नसतं तर नवीन सायलेन्सरला शिव्या घातल्या असत्या.

आता तक्रारी, त्या लिहिल्याशिवाय रिव्ह्यू खरा नाही.

वेळ. आठ दिवस सांगितले, एकवीस दिवस लागले. ऑक्टोबरचा शेवट होता, कारखान्यांचा हंगाम तोंडावर, कुठल्यातरी कारखान्याची लाईन आली की आमचं काम बाजूला. मिस्त्री खोटं बोलले नाहीत, फोन केला की सरळ सांगायचे की आज हात लागला नाही, पण माझ्या तीन फेऱ्या फुकट गेल्या. घाई असेल तर उसाच्या हंगामात जाऊ नका, पावसाळ्यात जा.

हिशोब लिहून देत नाहीत. तोंडी १६ हजार सांगितले होते, १८,४०० झाले, वाढलेले पैसे फ्लँज कापणं आणि जेवढे बेंड वाया गेले त्यांचे. वाजवीच आहेत, पण कागदावर असते तर मला मावसभावाला समजावून सांगायला सोपं गेलं असतं.

तिसरी जरा गंभीर. शील्ड बेंड पाईपाला लावलं पण क्लच केबल जिथनं खाली येते तिथं नाही, आणि पहिल्याच दिवशी दीड तासानं केबलचं प्लास्टिक वितळून चिकटलं. क्लच जड झाला म्हणून थांबलो नाहीतर चढावर केबल जाम झाली असती. चूक आमचीही आहे, केबलचा रस्ता आम्ही ठरवला होता, पण पाईपाजवळ काय काय आहे हे शेवटी एकदा हात फिरवून बघायला पाहिजे होतं त्यांनी. सांगितल्यावर त्यांनी मान्य केलं आणि शील्ड वाढवून दिलं, पैसे नाही घेतले. आता केबल आम्ही दुसऱ्या बाजूनं फिरवलीय.

चौथी, अकरा तास चालल्यावर मागचं ब्रॅकेट तडकलं. पाईप नाही, ब्रॅकेट. खरं सांगायचं तर मी त्या रात्री खचलो होतो, परत तेच सुरू झालं असं वाटलं. सकाळी फोटो पाठवला, मिस्त्रींचा फोन आला, "काय हाय तसं ठेवा, सोडू नका, मी येऊन बघतो." रविवारी मुलाच्या मागं बसून ते घरी आले. तडा बघितला, ब्रॅकेटवर बोटानं टिचकी मारली, ते बराच वेळ वाजत राहिलं. म्हणाले, पट्टी सपाट हाय, एका ठराविक आरपीएमला थरथरत असणार, चूक माझीच. काढून नेलं, पाच मिलीमीटरच्या सपाट पट्टीऐवजी दोन्ही कडा दुमडलेली आणि कोपऱ्यात त्रिकोणी गसेट मारलेली पट्टी करून संध्याकाळी स्वतः बसवून गेले. टिचकी मारली तर आता नुसता टक असा आवाज येतो. पैसे विचारले तर चहा घेतला. पोहे मात्र आईनं आग्रहानं खायला लावले.

मला हे फार मोठं वाटतं. काम करून देणारा आणि केलेल्या कामाच्या मागं उभा राहणारा, दोन्ही एकाच माणसात सहज मिळत नाहीत. पहिल्या ठिकाणी मी तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा चूक माझी ठरली, इथं मी काही बोलायच्या आधी माणूस म्हणाला चूक माझी. आणि तुटलेलं तुकडं त्यांनी टाकून दिलं नाही, गाळ्यात त्या बाहाच्या सायलेन्सरशेजारी टांगून ठेवलंय, पुढच्याला दाखवायला.

त्यानंतर आजपर्यंत गाडी चाळीस तासांच्या वर चालली. दर पाच तासांनी मी फ्लँजचे नट तपासतो, पहिल्या दोन वेळा थोडे सैल झाले होते, ते नवीन पॅकिंगला होतंच, आता होत नाहीत. गळती बघायला सोपा मार्ग, गार इंजिन चालू करून शेपटाला जाड ओलं फडकं काही सेकंद दाबायचं आणि सांध्यांवर साबणाचं पाणी मारायचं, बुडबुडे कुठं येतात ते कळतं. स्प्रिंगा एकदा बदलल्या, जुन्या ताणल्या गेल्या होत्या, जोडी नव्वद रुपयाला. स्टीलचा रंग कलेक्टरजवळ निळा-जांभळा झालाय, खालचा भाग चिखलानं चेपलाय, एका दगडावर ड्रम घासून खळगा पडलाय, पण तडा एकही नाही. मागच्या महिन्यात उतारावरनं मागचा भाग चांगलाच आदळला, मावसभाऊ उतरून पहिल्यांदा फ्लँजच्या खाली टॉर्च मारून बघायला गेला, सवय झालीय त्याला. काजळीचा पंखा नव्हता.

कुणाला जायचं असेल तर, सोमवारी गाळा बंद असतो. सकाळी अकराच्या आत गेलात तर मिस्त्री निवांत भेटतात, नंतर कारखान्यांचे फोन सुरू होतात. गाडी टेम्पोतनं न्या, नुसता तुटका पाईप घेऊन गेलात तर ते बघणारच नाहीत, इंजिन कसं डुलतं ते बघितल्याशिवाय हात लावत नाहीत. इंजिनाचे माउंट आधी तपासून घ्या, आमच्यातला एक अर्धा फाटलेला निघाला, तो बदलायला एक दिवस गेला. जुनं हेड मिळालं तर बरोबर न्या, भंगार बाजारात फिरायचं वाचेल. नंबर आणि पत्ता इथं टाकू नका असं त्यांनीच सांगितलंय, आहे ते काम पुरतंय म्हणाले. उद्यमनगरात शिरल्यावर डेअरीच्या पाईपचं काम कोण करतं एवढं कुठल्याही लेथवाल्याला विचारा, घेऊन जाऊन सोडतील.